मोटारीचे प्लग : आपल्या हाताने की मिस्त्रीच्या?

संसारातील काही प्रश्न दिसावयास क्षुल्लक असतात. परंतु त्यांचा नीट विचार करू लागले म्हणजे ते आपल्या स्वभावाच्या मुळाशी जाऊन भिडतात. घरच्या मोटारीतील ठिणगीचे प्लग जुने झाले असता ते आपण स्वतः बदलावे, की मिस्त्रीस मजुरी देऊन त्याजकडून बदलून घ्यावे, हा असाच एक प्रश्न आहे. मोटार ही जोपर्यंत धनिकांच्या दारातील वस्तू होती तोपर्यंत तिजबरोबर पगारी चालकही येई, आणि मध्यम स्थितीतील गृहस्थास हा प्रश्न पडावयाचे कारणच नव्हते. परंतु १९८३ सालच्या डिसेंबरात मारुती ८०० ही लहान मोटार रस्त्यावर आली, आणि पुढील वीसपंचवीस वर्षांत शिक्षक, वकील, बँकेतील कारकून अशांच्या अंगणात मोटार येऊन उभी राहिली. मोटार आली, तिजविषयीचे ज्ञान मात्र आले नाही. ते आपण बाहेरच ठेवले. असे का झाले आणि तसे असावे काय, याचा विचार मला एका फजितीमुळे करावा लागला. ती फजिती प्रथम सांगतो.

गेल्या कार्तिकात मंडळींच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी आम्ही उभयता नागपुरास गेलो होतो. हिंगणघाटाहून नागपूर हमरस्त्याने सुमारे पाऊणशे किलोमीटर. परत येताना सायंकाळ झाली. जामचा चौरस्ता मागे पडला आणि आमची जुनी, तीन सिलिंडरांची लहानशी मोटार आचके देऊ लागली. गॅरेजवाल्यांच्या भाषेत तिने 'मिसिंग' धरले. म्हणजे तिहींपैकी एका सिलिंडरात ठिणगीच पडेना. मागून येणारे ट्रक दिवे चमकावून, भोंगे वाजवून बाजूने सुसाट जात होते. शेजारी डोळ्यांत औषध घातलेली पत्नी, तिला समोरचे काही धड दिसत नाही. आणि मी, आयुष्यभर शब्दांच्या व्युत्पत्ती शिकविलेला मनुष्य, त्या यंत्रासमोर निरक्षर! कसाबसा कडेकडेने वीसच्या वेगाने घरी पोचलो.

घरी पोचताच माझा अभिमान जागा झाला. मागे कधीतरी हौसेने आणून ठेवलेला प्लगपाना माझ्याजवळ होता, नवे प्लगही घरात होते. चहासुद्धा न घेता मी तसाच अंगणात उतरलो आणि तापलेल्या इंजिनातून जुने प्लग काढू लागलो. पहिले दोन निघाले व नवे बसलेही. तिसरा मात्र निघता निघता करकरला. नवा प्लग मी पान्यातच धरून भोकात घातला आणि फिरविला; तो दोन फेरे गेला व अडला. अडल्यावर शहाण्याने थांबावे. मी जोर लावला. प्लग वाकडा शिरला आणि त्याने हेडमधील आटे खाऊन टाकले.

दुसऱ्या दिवशी मोटार ओढून मिस्त्रीकडे न्यावी लागली. तेथे आणखी एक संकोच माझी वाट पाहत होता. तो मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. नववीत तो संस्कृतात दोनदा नापास झाला तेव्हा मीच त्याच्या वडिलांस बोलावून, "याला शिक्षणात गती नाही, कुठेतरी कामाला लावा," असे सांगितले होते. ही गोष्ट त्याच्या स्मरणात आहे की नाही ते मला ठाऊक नाही. त्याने ती काढली नाही. त्याने दिवा धरून भोकात पाहिले आणि इतकेच म्हणाला, "गुरुजी, इंजिन गरम असतानी काऊन हात लावला जी? अन् पान्यानं सुरुवात नसते करायची. आधी बोटानं." मग त्याने हेड उतरविले, खराब झालेले आटे कापून मोठे केले, त्यांत पोलादी तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी बसवून नवे आटे उभे केले, आणि दीड दिवसाने मोटार परत दिली. सर्व मिळून साडेचार हजार रुपये लागले. ते देताना मला विषाद वाटला नाही. शिकवणीचे पैसे शिष्याने द्यावयाचेच असतात.

आता हा प्लग म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे यज्ञासाठी अरणींचे मंथन करून अग्नी उत्पन्न करीत. पेट्रोलच्या इंजिनात तेच काम प्लग करतो. त्याच्या मध्यातून एक धातूची काडी गेलेली असते. तिच्याभोवती पांढऱ्या, चिनीमातीसारख्या पदार्थाचे कवच असते. बाहेरून आट्यांचे लोखंडी अंग. आणि टोकाशी वाकविलेली दुसरी काडी. या दोन काड्यांच्या टोकांत जेमतेम पाऊण मिलिमीटराची फट ठेवलेली असते. काही नव्या मोटारींत ती एक मिलिमीटर किंवा किंचित अधिक असते. कॉईलमधून दहा-वीस हजार व्होल्ट दाबाची वीज आली म्हणजे ती या फटीवरून उडी घेते. तीच ठिणगी, आणि तिने दाबलेले पेट्रोल व हवा यांचे मिश्रण पेट घेते. पॅरिस येथे एत्येन लन्वार याने १८६० साली आपल्या गॅसच्या इंजिनात विजेची ठिणगी वापरली होती. परंतु वेगवान मोटारीस पुरेल अशी उच्च दाबाची व्यवस्था जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गोटलोब होनोल्ड याने १९०२ साली सिद्ध केली. आपल्या देशात १९५१ साली बंगळूर येथे 'मायको' कंपनी निघाली व तिचे प्लग गावोगावच्या मिस्त्रींच्या परिचयाचे झाले.

या इवल्याशा वस्तूवर किती भार पडतो याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चार टप्प्यांच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांस एक ठिणगी लागते. इंजिन मिनिटास अडीच हजार फेरे घेत असता मोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने चालली आहे असे धरू. म्हणजे एका किलोमीटरास एक मिनिट, आणि एका प्लगच्या वाट्यास साडेबाराशे ठिणग्या. चाळीस हजार किलोमीटर चालेपर्यंत त्याने पाच कोटी ठिणग्या पाडलेल्या असतात! प्रत्येक ठिणगी त्या टोकाचा अणुमात्र अंश नेते; फट रुंदावते; मग वीज उडी घेण्यास कचरते, आणि जामच्या चौरस्त्यापुढे आमची झाली तशी अवस्था होते. साध्या निकेलच्या प्लगचे आयुष्य सामान्यतः तीस-चाळीस हजार किलोमीटर असते; इरिडियम किंवा प्लॅटिनम यांच्या टोकांचे प्लग लाखाच्या घरातही जातात. सीएनजीवर चालणाऱ्या मोटारीत ठिणगीस अधिक दाब लागत असल्याने प्लग अधिक लवकर तपासावे लागतात. डिझेलच्या मोटारीत मात्र ठिणगीचा प्लग नसतोच. तेथे हवा दाबूनच इतकी तापविलेली असते की इंधन आपोआप पेटते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. स्वतः प्लग बदलण्याच्या बाजूने लोक पहिले कारण देतात ते बचतीचे. मी शिक्षक, हिशेब मांडल्यावाचून मला चैन पडत नाही. आमच्या मिस्त्रीने तीन साधे प्लग बदलण्याची मजुरी दोनशे रुपये सांगितली. आमच्यासारख्या कुटुंबाची मोटार वर्षास आठ हजार किलोमीटर चालते असे धरले तर प्लग चार वर्षांनी एकदा बदलावयाचे. म्हणजे बचत वर्षाकाठी पन्नास रुपये! मी केलेले साडेचार हजारांचे नुकसान या बचतीतून भरून यावयास नव्वद वर्षे लागतील. तेव्हा पैसे वाचविण्यासाठी कोणी पान्याला हात घालू नये, हे मी अनुभवाने सांगतो. ज्याला केवळ पैसेच वाचवावयाचे आहेत त्याने निमूटपणे मिस्त्रीकडे जावे.

मग स्वतः करावयाचेच कशासाठी? तर पाहण्यासाठी. जुना प्लग काढून उजेडात धरला म्हणजे बंद इंजिनाच्या पोटात काय चालले आहे ते त्याच्या तोंडावर लिहिलेले वाचावयास मिळते. वैद्य जिव्हापरीक्षा करतो, तसाच हा प्रकार. टोक फिकट तांबूस-करड्या रंगाचे असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक व हवा कमी पडते आहे. अशा वेळी एअर फिल्टर तुंबला आहे काय ते आधी पाहावे. आमच्या कापसाच्या मुलुखात, जिनिंगच्या मोसमात धूळ व तंतू उडत असता, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. टोक ओले, तेलकट व काळे असेल तर इंजिनाचे तेल सिलिंडरात उतरते आहे. हे रिंगा किंवा व्हॉल्व्हची सीलें झिजल्याचे चिन्ह, आणि नवा प्लग घालून तो रोग बरा होत नाही. कवच पांढरे फटक, फोड आल्यासारखे दिसले तर इंजिन प्रमाणाबाहेर तापते आहे, अथवा त्या जातीचा प्लग या मोटारीस योग्य नाही. ज्याने हे चार रंग ओळखले त्याला कोणी उगीच भिवविणार नाही व कोणी उगीच धीरही देणार नाही.

याची आणखी एक उपयुक्तता आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातील एका कार्यशाळेने माझ्याकडून नव्या प्लगांचे पैसे घेतले, आणि पुढे पाहतो तो तेच जुने प्लग आत! त्या वेळी मला जुन्या-नव्यातील भेद कळत नव्हता, म्हणून हे घडू शकले. तेव्हापासून मी काम कोणाकडूनही करून घेतो. परंतु काढलेला जुना जिन्नस परत मागून घेतो. सज्जन मिस्त्री तो न मागता देतो. आपणांस अज्ञान असले म्हणजे प्रामाणिक मनुष्य व लबाड मनुष्य आपल्या दृष्टीने सारखेच होतात, आणि यात अन्याय होतो तो प्रामाणिकावरच.

ज्यांना हे काम एकदा करून पाहावयाचे असेल त्यांच्यासाठी, माझ्या फजितीतून आणि त्या मिस्त्रीच्या शिकवणीतून हाती आलेली रीत सांगतो. इंजिन पूर्ण थंड असावे. रात्रभर उभी राहिलेली मोटार सकाळी हाती घ्यावी, हे उत्तम. हेड ॲल्युमिनियमचे असते, आणि ॲल्युमिनियम उष्णतेने लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. तापलेल्या स्थितीत प्लग काढला तर मऊ आटे ओरबाडले जातात. किल्ली काढून ठेवावी. एका वेळी एकाच प्लगची वायर काढावी, व तीही तिच्या टोपीस धरून, तारेस ओढून नव्हे; सगळ्या एकदम काढल्या तर त्यांचा क्रम चुकतो. प्लग अर्धा फेरा सैल करून थांबावे आणि भोवतालची धूळ पंपाने फुंकून घालवावी, नाहीतर ती सिलिंडरात पडते. पाना मोटारीप्रमाणे लागतो. जुन्या गाड्यांस बहुधा एकवीसचा, नव्यांस सोळाचा. नव्या प्लगची फट पातळ पट्ट्यांच्या गेजने मापून मोटारीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी. मात्र इरिडियमच्या बारीक टोकास ढकलू-वाकवू नये, ते मोडते.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि माझे चुकले ते येथेच. नवा प्लग पान्याने नव्हे, बोटांनी सुरू करावा. भोक खोल असेल तर प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा बसवून त्याने फिरवावा. प्लग वाकडा जाऊ लागला तर नळीच घसरते, आटे वाचतात. बोटांनी जाईल तितका जाऊ द्यावा आणि मगच पाना लावावा. वॉशर असलेला नवा प्लग बोटांनी टेकल्यावर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरे होतो. वॉशरविना उतरत्या बैठकीचा असेल तर एका फेऱ्याचा केवळ सोळावा हिस्सा. याहून अधिक जोर म्हणजे शक्तीचे प्रदर्शन, आणि यंत्रापुढे ते कामाचे नाही. संस्कृतात 'यन्त्र' हा शब्द आवरून धरणे या अर्थाच्या 'यम्' धातूपासून झाला आहे. यंत्रास हात लावणाराने प्रथम आपला हात आवरावा, असेच जणू त्या शब्दात सांगितले आहे.

मिस्त्रीकडे केव्हा जावे तेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्या मोटारीत प्लग इनटेकच्या नळकांड्यांखाली दडलेले असतात व ते गाठण्यास बरेच काही उतरवावे लागते. ज्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल बसविलेली असते आणि तिच्या जोडणीचे नाजूक प्लास्टिक जुने होऊन तडकावयास आलेले असते. ज्यांत लाख किलोमीटर चालणारे प्लग इतकी वर्षे बसून जाम झालेले असतात. तेथे नवख्याने हात घालू नये. नवी मोटार हमीच्या मुदतीत असेल तर तीही तज्ज्ञांकडेच न्यावी. आणि प्लग सहज निघत नसेल, किंवा नवा बोटांनी शिरत नसेल, तर तेथल्या तेथे थांबून मिस्त्रीस बोलवावे. थांबणे ही यात हार नाही. मी थांबलो असतो तर काम दोनशेत झाले असते.

या दोन मार्गांचा मेळ कसा घालावा याचे एक सुंदर उदाहरण मोटारीच्या इतिहासाच्या आरंभीच सापडते. १८८८ सालच्या ऑगस्टात कार्ल बेन्झ यांची पत्नी बर्था ही आपल्या दोन मुलांस घेऊन, पतीने बनविलेली मोटार घेऊन मानहाइमहून फोर्झहाइम या गावी माहेरी गेली. इतक्या लांबचा मोटारीचा प्रवास तोवर कोणी केला नव्हता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने आपल्या टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन संपले, ते एका औषधवाल्याच्या दुकानातून घेतले. आणि ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकवून घेतले. जे आपल्या हाताने होण्यासारखे होते ते तिने केले. जे नव्हते त्यासाठी ती कारागिराच्या दारी गेली. तिला कशाचाच कमीपणा वाटला नाही.

आपल्यास मात्र तो वाटतो, हे मान्य केले पाहिजे. आपल्या पंढरपेशा घरांत पुस्तकाची शाई बोटास लागली तर ते भूषण, आणि इंजिनाचे काळे तेल लागले तर ते दूषण, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वास्तविक आमचे हिंगणघाट हे यंत्रांशी परिचय असलेले गाव. १८८१ सालीच येथे कापसाची गिरणी उभी राहिली. शेजारच्या वर्धा शहरी १९३७ सालच्या ऑक्टोबरात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि हाताच्या उद्योगातूनच मुलांस शिक्षण द्यावे असा विचार तेथे मांडला गेला, डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. त्या भूमीवर मी तीस वर्षे शिकविले, या योजनेवर भाषणेही केली, आणि हात चालवणारा एक मुलगा समोर बसला असता त्याला गती नाही असा निकाल दिला! त्याची गती माझ्या विषयात नव्हती, इतकेच खरे होते.

त्या दिवशी गॅरेजमध्ये बसलो असता मला एका व्युत्पत्तीची आठवण झाली. 'मिस्त्री' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या 'मेस्त्रे'पासून आला; 'मास्तर' इंग्रजांच्या भाषेतून. परंतु दोहोंचे मूळ लॅटिनमधील 'मॅजिस्टर' या एकाच शब्दात आहे, आणि त्याचा अर्थ शिकविणारा, जाणता. म्हणजे आम्ही दोघे एकाच घराण्यातले. मी हे वर्गात कितीदा सांगितले असेल. त्याचा अर्थ मला कळला तो आटे मारल्यावर.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. प्लग बदलावे कोणी, यापेक्षा प्लग पाहिले कोणी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. मोटार सोपी असेल तर वर्षातून एकदा, थंड सकाळी, एक प्लग आपल्या हाताने काढून पाहावा. मुलांस व मुलींसही दाखवावा. मोटार अवघड असेल तर मिस्त्रीकडे जावे, पण वर्तमानपत्र वाचीत न बसता त्याच्या शेजारी उभे राहावे, विचारावे, आणि मजुरीत घासाघीस करू नये. ती मजुरी पाना फिरविण्याची नसते. केव्हा फिरवू नये हे ठाऊक असण्याची असते.

गेल्या महिन्यात माझी नात सुट्टीस आली होती. ती नववीत आहे. सकाळी मी मोटारीचे बॉनेट उघडले तेव्हा तीही जवळ आली आणि पाना मागू लागली. आतून हाक आली, "अगं, हात काळे होतील!" मी म्हणालो, "होऊ देत. साबण आहे घरात." तिने प्लग काढला, उजेडात धरला, आणि म्हणाली, "आजोबा, तांबूस आहे. म्हणजे बरी आहे ना गाडी?" मग तो तिने पुन्हा भोकात घातला, मी काही सांगण्याच्या आधीच, बोटांनी.